फुटक्या झाकणाची बरणी

जीवशास्त्राच्या बाईंच्या हातून एकतीस वर्षांत एकही चूक झाली नव्हती. झाली असल्यास ती कोणाच्या नजरेस आली नव्हती, आणि या दोन गोष्टींत फरक करावा असे बाईंना कधी वाटले नव्हते. घरी भाजी खारट झाली तर दुकानदाराने मीठ बदलले आहे, असे त्या सांगत. शाळेची घंटा आणि त्यांचे घड्याळ यांचा मेळ बसला नाही, तर शिपाई मुकाट्याने पुन्हा घंटा देई.

त्यांची नात त्यांच्याच वर्गात, शेवटून दुसऱ्या बाकावर बसत असे. आईवडील नोकरीपायी दूर, म्हणून मुलगी चौथीपासून आजीकडे वाढली. तिच्यासाठी नियम एकच होता: शाळेच्या फाटकाच्या आत ‘बाई’ आणि ‘तुम्ही’, फाटकाबाहेर ‘आजी’ आणि ‘तू’. ऐन फाटकात हाक मारण्याची वेळ आलीच, तर गप्प बसावे.

यंदा मुलीचे शाळेचे शेवटचे वर्ष होते. पुढे विज्ञान घ्यायचे तर शाखा निवडीच्या अर्जावर दोन सह्या लागत, एक विषयशिक्षकाची आणि एक पालकाची. मुलीच्या बाबतीत दोन्ही सह्या एकाच हातात होत्या, आणि तो हात जागचा हलत नव्हता. कारण सत्र परीक्षेत ‘नमुने ओळखा’ या प्रश्नाला दहापैकी निदान चार गुण असल्याखेरीज बाई कोणाचीही शिफारस करत नसत, आणि मुलीला तीन होते. उरलेल्या एकतीस मुलामुलींना दहापैकी दहा. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर ‘दिव्याखाली अंधार’ असे काहीसे पुटपुटले होते, आणि बाईंचे कान अजून शाबूत होते.

“आजी, सही,” मुलगी रोज जेवताना आठवण करी.

“तीन गुणांवर मी परक्याच्या मुलीला सही दिली नसती. घरच्या मुलीला देऊ?”

“परक्याच्या मुलीला निदान पालकाची तरी मिळाली असती.”

“उलट बोलू नकोस.”

“मी ओळखले ते बरोबर ओळखलेत.”

“तीन.”

“पाच तरी नक्की,” मुलगी म्हणे आणि पानातले संपवू लागे. अर्ज पाण्याच्या तांब्याखाली दबून राही.

शालान्त परीक्षेच्या प्रात्यक्षिकाला एक दिवस उरला होता. दुपारी एकच्या सुमारास बाई प्रयोगशाळेत आल्या, तेव्हा नवा परिचर कपाटासमोर हात मागे बांधून उभा होता. जुने मामा निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांपूर्वी हा आला. मुलांनी दुसऱ्याच दिवशी त्याचे नाव टापटीप ठेवले. टापटीप धुतलेल्या परीक्षानळ्याही पुन्हा धूत असे.

“बाई, एक गंमत दाखवतो.”

“परीक्षेच्या आदल्या दिवशी गंमत नको.”

पण त्याने कपाट उघडलेच. आत दहा नव्या कोऱ्या काचेच्या बरण्या, दहा पांढरी झाकणे, उंचीच्या क्रमाने लावलेली. मामांच्या काळातल्या बरण्या म्हणजे गावभरच्या गोतावळ्यासारख्या होत्या: एकीचे झाकण फुटके, एकीला निळे बूच, एक औषधाच्या दुकानातून आलेली तपकिरी, एक जन्मापासून कलती. त्यांतली एकही तिथे नव्हती.

“प्राणी तेच, पाणी नवं,” टापटीप म्हणाला. “फॉर्मॅलीन अगदी चहासारखं झालं होतं. आता कसं लख्ख दिसतंय.”

“लेबलं कुठं आहेत?”

“जुन्या बरण्यांवर होती. भिजवल्यावर निघाली.” त्याने खिशातून पेन काढले. “तुम्ही एकेक नाव सांगा, मी लिहितो. अक्षर मोत्यासारखं आहे माझं.”

बाईंनी सांगायला सुरुवात केली. विंचवाला अडचण आली नाही. विंचू विंचवासारखा दिसतो, हा त्याचा मोठा गुण आहे. खेकडा, तारामासा, गोगलगाय झाले. गोम आणि वाणी झाले. जळू, यकृतकृमी आणि समुद्रफूल नावाची एक फिकट चिंधीही झाली. उरली एक बरणी — नाही, नीट मोजल्यावर दोन निघाल्या, कारण जळू त्यांनी पुस्तकात पाहून म्हटली होती आणि या कपाटात ती कधीच नव्हती. जळू म्हटलेला प्राणी आणि शेजारच्या बरणीतला, दोघेही वीतभर लांब, दोघेही भिजलेल्या सुतळीच्या रंगाचे, दोघेही काचेच्या पट्टीला दोऱ्याने बांधलेले. एक गांडूळ आणि दुसरा पोटातला जंत, एवढे निश्चित होते. कोणता कोणता, हे निश्चित नव्हते.

बाईंना दोघांचीही लक्षणे तोंडपाठ होती. गांडुळाचे शरीर वलयांकित, पुढच्या भागात पट्टा, त्यास मेखला म्हणतात. जंताचे शरीर गुळगुळीत, दोन्ही टोके निमुळती. एकतीस वर्षे त्यांनी हे वर्गात म्हटले होते. फक्त म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे प्राणी कधीच नसे, झाकण असे. फुटके झाकण म्हणजे गांडूळ, निळे बूच म्हणजे जंत. हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

“पुढं?” टापटीपने पेन उचलून विचारले.

तेवढ्यात दारात नात उभी राहिली. अभ्यासाची सुट्टी असल्यामुळे अंगावर गणवेश नव्हता.

“बाई, तुमचा चष्मा घरी राहिला होता.”

“मी ठेवला होता.”

“मी उचलला,” असे म्हणून तिने चष्मा टेबलावर ठेवला आणि बरण्यांकडे पाहिले. “छान झालंय, काका. आता दिसतात तरी.”

“दोन नावं अडलीत, ताई,” टापटीप म्हणाला. या घरात कोणाला काय विचारू नये, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. “हे दोघे कोण?”

“लाल दोऱ्याचा जंत. पांढऱ्या दोऱ्याचा गांडूळ.”

दोरा ऐकून बाईंचा जीव भांड्यात पडला, कारण लाल दोरा त्यांच्या ओळखीचा होता. “चूक,” त्या म्हणाल्या. “लाल दोऱ्याचा गांडूळ. जुना दोरा कुजला तेव्हा मी स्वतः बांधलाय तो. तुझ्या आजोबांच्या स्वेटरची लोकर उरली होती.”

फाटकाच्या आत आजोबांचा उल्लेख पहिल्यांदाच झाला होता. मुलीने तो मनात टिपून ठेवला.

“दोरा तुमचाच असेल, बाई. पण आत जंत आहे. त्याला वळी नाहीत.”

“वळी असणारच.”

“मोजून दाखवा.”

परिचरासमोर माघार घेणे शक्य नव्हते. बाईंनी चष्मा लावला, खणातून भिंग घेतले आणि बरणी खिडकीशी नेली. मग चष्मा काढून भिंग पुसले. मग बरणी पुसली. तिथे पुसण्याजोगे जे जे होते ते सगळे पुसून झाल्यावरही लाल दोऱ्याच्या प्राण्याच्या अंगावर एकही वळे उमटले नाही. दोन्ही टोके निमुळती होती. पलीकडच्या बरणीत, पांढऱ्या दोऱ्याखाली, अंगभर वळी असलेला प्राणी पट्टा बांधून स्वस्थ पडला होता.

मग त्यांना तो दिवस आठवला. बावीस वर्षांपूर्वी दोन्ही प्राणी एकाच ताटलीत काढले होते. एकाला लाल लोकर बांधून होते न होते तोच मुख्याध्यापकांचे बोलावणे आले. वेळापत्रकात त्यांचा तास जेवणानंतर टाकला होता. बाई गेल्या, भांडल्या, तास बदलून आल्या, आणि त्याच तावातावात हाताला येईल त्या बरणीत हाताला येईल तो प्राणी सोडला. ते भांडण आपण जिंकलो, एवढेच आजवर त्यांच्या लक्षात होते.

बावीस वर्षे म्हणजे सातशेच्या आसपास विद्यार्थी. त्यांतले चार पुढे डॉक्टर झाले होते. त्यांनी पेशंटच्या पोटातून निघालेल्या जंताला काय म्हटले असेल, हा विचार बाईंनी अर्ध्यावरच सोडून दिला.

टापटीपला सगळे समजले नाही, पण घोळ आहे एवढे समजले. “बाई, जुन्या बरण्या मागच्या ओट्यावर उपड्या वाळत घातल्यात,” तो हलकेच म्हणाला. “लेबलं पण सुकलीत. म्हणाल तर अर्ध्या तासात सगळं होतं तसं करून ठेवतो.”

सोपे होते. सकाळी बाहेरचे परीक्षक येतील, नेहमीप्रमाणे स्वतःच्या हाताने बरण्यांवर क्रमांक लावतील, बाईंकडून उत्तरसूची तपासून घेतील. फुटक्या झाकणापुढे सगळी मुले गांडूळ लिहितील. एकतीस जणांना दहापैकी दहा. चार महिन्यांनी बाई निवृत्त होतील, आणि पुढचा शिक्षक पुढचे पाहील.

“घाला की परत,” मुलगी शांतपणे म्हणाली. “तेवढंच माझं एकटीचं नुकसान. मला काय, तीनची सवय झालीय.”

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मुलीच्या चेहऱ्यावर टोमण्याचा मागमूस नव्हता, आणि त्यामुळे तो अधिकच लागला.

“फाटकाच्या आत सल्ले देऊ नयेत,” त्या म्हणाल्या. मग टापटीपकडे वळल्या. “जुन्या बरण्या राहू देत तिथंच. सगळ्या मुलांच्या घरी निरोप धाड. उद्या सकाळी सातला इथं हजर. कारण विचारणाऱ्याला सांग, बाईंनी बोलावलंय.”

सकाळी सातला बत्तीस मुले हजर होती. बाईंनी बोलावल्यावर कारण विचारण्याची पद्धत त्या शाळेत नव्हती. टेबलावर दहा सारख्या बरण्या मांडल्या होत्या, आणि वर्गात अशी शांतता होती की जणू त्यांत मुख्याध्यापक बुडवून ठेवले आहेत.

“ओळखा,” बाई म्हणाल्या.

विंचू ओळखला गेला. खेकडा गेला. मग मुले एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी पहिल्या बाकावरचा मुलगा, ज्याला सगळे पहिला नंबर म्हणत, चाचरत उभा राहिला.

“बाई, फुटक्या झाकणाची बरणी कुठंय?”

“तिचं तुला काय काम?”

“ती असली की गांडूळ.”

“आणि नसली की?”

पहिला नंबर आपल्या प्रयोगवहीकडे पाहू लागला. थोडी कानउघाडणी होताच त्याने प्रयोगवहीच्या पुठ्ठ्यातून घडी घातलेला कागद काढून दिला. त्यावर लिहिले होते: फुटके झाकण गांडूळ, निळे बूच जंत, तपकिरी यकृतकृमी, कलती गोगलगाय, आणि असेच खालपर्यंत. कागद इतका जुना होता की घड्यांवर चिकटपट्ट्या लावल्या होत्या.

“कुणी दिला?”

“आईनं. तिला तिच्या ताईनं दिला होता. सगळ्यांकडे आहे, बाई.”

“माझ्याकडं नाही,” शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला. “मला कुणी दिलाच नाही. म्हणाले, तू बाईंना सांगशील.”

पहिल्या नंबराची आई बाईंना आठवत होती. दहापैकी दहा. तिच्या ताईलाही दहा. एकतीस वर्षांच्या शंभर टक्के निकालाची पुंजी त्या चिकटपट्टीच्या कागदावर उभी होती. बाईंनी खडसावण्यासाठी तोंड उघडले, आणि आपल्याही डोक्यात तोच कागद आहे हे आठवून ते मिटले. उंटावरून शेळ्या हाकणाराने मेंढपाळांवर तोंड टाकू नये.

“या कागदातल्या दोन ओळी चुकीच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “फुटक्या झाकणाखाली बावीस वर्षं जंत होता आणि निळ्या बुचाखाली गांडूळ. बदलताना चूक झाली.”

मग शेवटून दुसऱ्या बाकावरून, अत्यंत आदराने, प्रश्न आला.

“कोणाची, बाई?”

खिडकीबाहेर टापटीप ओटा धूत होता, त्याचा खराटा थांबला.

“माझी,” बाई म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून वर्गाने कधी ऐकला नव्हता. पुढे काय करायचे असते हे कोणालाच माहीत नसल्यामुळे दोन मुले उगीचच उभी राहिली. बाईंनी त्यांना बसवले, कागद फाडून टोपलीत टाकला आणि भिंग पहिल्या नंबराच्या हातात दिले.

“रांगेनं या. लक्षणं कुणी म्हणायची नाहीत. आधी बघायचं, मग बोलायचं. अंगाला वळी आहेत की नाहीत, एवढं पाहून सांगा. घाई केली तर पुन्हा रांगेच्या शेवटी.”

साडेआठला परीक्षक आले. तेही याच शाळेतले, बाईंचेच विद्यार्थी. वर्गात बाई त्यांना शंख म्हणत, आणि परीक्षक झाल्यावर ते बदलण्याचे त्यांना काही कारण दिसले नव्हते. मुले बाहेरच्या व्हरांड्यात उभी करून परीक्षक आत आले, बरण्यांवर क्रमांक लावू लागले, आणि सातव्या बरणीपाशी थबकले. त्यांनी दोन पावले मागे जाऊन पाहिले. मग जवळ येऊन पाहिले.

“बाई,” ते शेवटी हळूच म्हणाले, “ती फुटक्या झाकणाची बरणी दिसत नाही.”

“कागद तुझ्याकडंही होता?”

“अजून आहे. घरी.”

बाईंनी भिंग पुढे केले. शंखाने ते घेतले, वाकले, आणि पुष्कळ वेळ वाकलेलेच राहिले.

“हा जंत आहे.”

“आहे.”

“पण मी तीनदा या शाळेत परीक्षक म्हणून आलोय. तिन्ही वेळा या लाल दोऱ्याला गांडूळ लिहिलेलं बरोबर धरलंय.”

“धरलंस. तू माझ्याकडूनच शिकलास, आणि मी चुकीचं शिकवलं.” दुसऱ्यांदा म्हणताना ते मघापेक्षा सोपे गेले, हे बाईंच्या लक्षात आले, आणि ते त्यांना फारसे आवडले नाही. “उत्तरसूचीत दिसतंय ते लिही. उगाच माझ्या तोंडाकडं बघू नकोस. माझ्या अंगाला वळी नाहीत.”

शंखाने लिहिले. दुपारपर्यंत परीक्षा आटोपली. सव्वीस जणांनी दोन्ही बरोबर ओळखले. सहा जणांचा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. त्यांनी अंदाजाने, दोऱ्याचा रंग पाहून, काहीतरी लिहिले. पहिल्या नंबराला दहापैकी आठ पडले.

“यंदा निकाल घसरला म्हणे, बाई,” गणिताचे सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

“घसरला नाही, जमिनीवर आला,” बाई म्हणाल्या, आणि कपाटातून सत्र परीक्षेचे गठ्ठे काढून बसल्या.

नातीची उत्तरपत्रिका शेवटून दुसरी होती. दुसऱ्या नमुन्यापुढे तिने ‘जंत’ लिहिले होते, सातव्यापुढे ‘गांडूळ’; दोन्हींवर बाईंच्या लाल शाईची ठसठशीत फुली. बाईंनी फुल्यांशेजारी बरोबरच्या खुणा केल्या, तारीख घातली, सही केली. तिनाचे पाच झाले. मग त्यांनी उरलेली पाच उत्तरे आशेने वाचली. गोम आणि वाणी यांची अदलाबदल होती. यकृतकृमीला ‘कुठलेसे पान’ म्हटले होते. खेकड्याची जागा रिकामी होती. वेळ संपला असावा. समुद्रफुलापुढे लिहिले होते: ‘नमुना खराब झाला आहे, बदलावा.’ बाई उठल्या, ती बरणी उजेडात धरून पाहून आल्या, आणि समासात लिहिले: ‘सूचना योग्य. गुण नाही.’ पाच उत्तरे चूक होती ती खरोखरच चूक होती, याचे त्यांना बरे वाटले. एकतीस वर्षांत आपण काहीतरी बरोबर तपासले होते.

शाळा सुटताना मुलगी अर्ज घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दारात आली. बाईंनी उत्तरपत्रिका तिच्या हाती दिली आणि विषयशिक्षकाच्या जागी सही केली.

“पाच,” मुलगी म्हणाली.

“पाच. गोम आणि वाणी?”

“ते चुकले.”

“ते दिसतंयच. पालकांची सही पालकांकडून घे.”

पालक संध्याकाळी घरी भेटले. जेवणात मुलीने पहिला घास घेतला, पाणी प्यायले आणि पुन्हा पानाकडे पाहिले.

“भाजी खारट आहे, आजी.”

आजीनेही घास घेऊन पाहिला.

“आहे,” ती म्हणाली. “माझा हात जास्त पडला.”

मुलीने मान खाली घालून सगळी भाजी संपवली. मग तांब्याखालचा अर्ज हळूच पुढे सरकवला.

“गोम आणि वाणी यांतला फरक सांग,” आजी म्हणाली.

“वाणीला बहुतेक वळ्यांवर पायांच्या दोन दोन जोड्या. गोमेला एकेक.”

“हे पुस्तकातलं झालं. तू मोजलेस?”

“नाही.”

“मी पण नाही मोजले,” आजी म्हणाली. “उद्या सातला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघींनी भिंग आळीपाळीने धरून पाय मोजले. वाणीच्या पायांशी मुलगी दोनदा चुकली आणि बाई एकदा. साडेसातला त्या परत फाटकाशी आल्या. मुलगी उंबऱ्याच्या आत थांबली. बाई दोन पावले बाहेर गेल्या, रस्त्याच्या बाजूने खांबावर अर्ज दाबून धरला आणि पालकाच्या जागी सही केली.

“घे,” आजी म्हणाली. मग त्या आत आल्या, आणि पहिल्या तासाची घंटा झाली नाही म्हणून त्यांनी शिपायाकडे पाहिले. शिपायाने त्यांच्या घड्याळाकडे पाहिले. बाईंनीही पाहिले.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “माझं पुढं असेल.”